सरकीसकट

घाटंजीच्या ग्रामीण रुग्णालयात, क्षयरोगाच्या खोलीला लागून,
पाटी नसलेलं एक दार आहे.
पाटी होती. लोकच म्हणाले, काढा.
आता सगळे त्याला तेरा नंबर म्हणतात
आणि दारावर तेराही लिहिलेला नाही.

महिन्यातून दोनदा मी इथे येते.
रजिस्टर उघडते, साठा ताडून बघते,
टेकामभाऊंच्या अक्षरातले एक आणि सात
अजून मला वेगळे ओळखू येत नाहीत.
औषध जन्मभराचं.
माझी नेमणूक अकरा महिन्यांची, नवव्यांदा.

आज दिल्लीचं पथक आलंय.
दोन साहेब, एक मॅडम, आणि नागपूरहून सोबत आलेले आमचे सर,
ज्यांनी रस्त्यात तीनदा विचारलं, जेवणाचं काय?
पथक वाईट नाही.
मॅडमनी बाकावरच्या सगळ्यांना आधी नमस्कार केला.
त्यांना हवंय ते खरंच हवंय:
किती जण गोळ्यांवर आहेत, आणि त्यातल्या कितींच्या रक्तात
विषाणू मोजता येऊ नये इतका कमी.
आकडे बरे आहेत, मी पाठ केलेत.
फक्त सतरा क्रमांक लाल.

संगणक म्हणतो, कारण निवडा.
मृत. स्थलांतरित. नकार. संपर्क नाही.
वेचणी असा पर्याय नाही.
बोंडं फुटली की दवाखान्याची तारीख मागे पडते,
आज खाडा केला तर उद्या आपल्या तासात दुसरी उभी असते.
म्हणून बेबीनंदा धुऱ्याधुऱ्यानं जाते, बांगड्यांची पिशवी घेऊन,
खाली बाटल्या, वर बांगड्या.
ती स्वतः चौदा वर्षं गोळ्यांवर.
गेल्या आठवड्यात तिनं दोन डझन बांगड्या
खरंच विकल्या.
त्याचाही रकाना नाही.

अकराला चारशे अठ्ठावीस आत आली.
मी बाटली ताटलीत उपडी केली, पथकाला दाखवायला,
तर आधी गोळ्या पडल्याच नाहीत.
बोट घालून ओढला तेव्हा कापसाचा बोळा निघाला,
मळकट, सरकीसकट,
आणि त्यामागून चार गोळ्या.
चारच उरायला हव्या होत्या.

मॅडमनी विचारलं, हे काय?
मी ओलाव्याबद्दल काहीतरी सांगू लागले.
चारशे अठ्ठावीस म्हणाली,
"वाजते न जी ते. एसटीत खुळखुळ, खुळखुळ.
बाजूची बाई इचारते, काय व्हय?
एकडाव सांगतलं, बडीशेप हाये,
तं म्हणे, दे मले थोडी.
तवापासून कोंबतो मी कापूस."

किती जणी असं करतात? मॅडमनी मला विचारलं.
मला.
नऊ वर्षं मी या बाटल्या मोजतेय.
टेकामभाऊ जमिनीकडे बघत म्हणाले,
सगळ्याच म्हणा ना.
तुमच्या भेटीच्या दिवशी मी आधीच काढून ठेवतो,
आज चहापाण्यात राहून गेलं.
मग त्यांनी टेबलाचा खालचा खण ओढला.
एखाद्या लेकराची उशी भरेल एवढा कापूस.

सरांनी वहीत लिहायला घेतलं:
बाटलीत बाह्य पदार्थ आढळला, समुपदेशन आवश्यक.
मॅडम ते वाचत होत्या की नाही, कळलं नाही.
त्यांच्या चिमटीत सरकी होती, हे बी का, म्हणाल्या.
मी हो म्हटलं.
सरकीला हिंदीत काय म्हणतात, मला आठवेना.

चारशे अठ्ठावीसला घाई होती, दीडची गाडी.
नवी बाटली तिनं फोडली,
ताटलीतला आपलाच बोळा उचलला, कोंबला,
झाकण लावून कानाशी हलवली.
मग काय वाटलं कोण जाणे,
मॅडमच्या कानाशी हलवली.

आम्ही सगळे ऐकत होतो.
जेवणाचं विचारणारे सरसुद्धा.